खिडकीबाहेरची तीन मीटर जागा

मुंबईच्या एम-पूर्व विभागात, मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात, लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत अशा तीन वसाहती आहेत. तिन्ही ठिकाणी मुख्यत्वे हातावर पोट असलेली माणसे राहतात. महापालिकेचा विभाग एकच, सरकारी दवाखाने तेच, आणि देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा धूरही सगळ्यांच्या वाट्याला येणारा. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या तिन्ही वसाहतींतील चार हजारांवर कुटुंबांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला. पहिल्या दोन वसाहतींत दहा माणसांमागे जवळपास एकाला क्षयरोग झाल्याचे त्यात आढळले. पीएमजीपी वसाहतीत हे प्रमाण शंभरांत एक असे होते. ही पाहणी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी संलग्न असलेल्या पर्यावरण सुधारणा संस्थेच्या अर्थसाहाय्याने झाली होती आणि तिचे निष्कर्ष पुढे संशोधनपत्रिकेतही प्रसिद्ध झाले. म्हणजे ही माहिती सरकारपासून लपलेली नव्हती.

एकाच विभागातल्या, जवळपास सारख्याच आर्थिक स्थितीतल्या माणसांमध्ये एवढा फरक कशाने पडला असावा, याचे उत्तर या वसाहतींच्या बांधणीत सापडते. पीएमजीपी वसाहत ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या प्रधानमंत्री अनुदान प्रकल्पातून उभी राहिली. तिच्या इमारती कमी उंचीच्या आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. लल्लुभाई आणि नटवर पारेख या वसाहती त्यानंतर दीड-दोन दशकांनी आल्या. रेल्वेचे रूळ वाढवण्यासाठी आणि रस्ते रुंद करण्यासाठी ज्यांच्या झोपड्या हटवल्या गेल्या त्यांना इथे सव्वादोनशे चौरस फुटांची घरे देण्यात आली. सात-आठ मजल्यांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत आणि दोन इमारतींमधले अंतर बहुतेक ठिकाणी तीन मीटर, म्हणजे जेमतेम दहा फूट आहे. माझे या लेखातले म्हणणे या दहा फुटांविषयी आहे. माणसाचे आरोग्य दवाखान्यात बिघडत नाही आणि बहुतांशी तिथे घडतही नाही; ते जिथे माणूस झोपतो, स्वयंपाक करतो, मुलांचा अभ्यास घेतो त्या जागेत घडते. त्या जागेचा आराखडा मंजूर करणारा अधिकारी, त्याला ठाऊक असो वा नसो, आरोग्याचा निर्णय घेत असतो, आणि आज आपल्या शहरांत तो निर्णय त्याचा आरोग्याशी संबंध आहे हे लक्षातही न घेता घेतला जात आहे.

अशा इमारतीतल्या तळमजल्यावरच्या किंवा पहिल्या मजल्यावरच्या खोलीत भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते. खोली एकच, तिच्या एका कोपऱ्यात ओटा, त्याला लागून मोरी आणि संडास. माणसे पाच-सहा. खिडकी एक, आणि ती हाऊसगल्लीत उघडणारी. समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ की त्यांच्या ताटात काय वाढले आहे ते दिसावे, म्हणून पडदा कायमचा ओढलेला. खाली गल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटलेल्या पाइपांचे पाणी, त्यात उंदीर आणि डास, त्यामुळे संध्याकाळ झाली की खिडकीही बंद. दार उघडावे तर ते दोन्ही बाजूंनी घरे असलेल्या अंधाऱ्या बोळात उघडते. कागदावर या घराला खिडकी आहे, नियमाप्रमाणे वायुवीजनाची सोय आहे, स्वतंत्र नळ आहे, संडास आहे. झोपडीत यांपैकी पुष्कळ गोष्टी नव्हत्या आणि त्या मिळाल्याचे मोल तिथली बाई तुम्हाला आवर्जून सांगेल. ते खरेही आहे. पण वारा आणि ऊन या दोन गोष्टी त्या घराच्या हिशेबात कुणी धरल्याच नव्हत्या.

क्षयरोगाचा जंतू हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा जे अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात ते कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात आणि बाहेर जातात. उन्हातले अतिनील किरण जंतूला मारतात. हवाही बदलत नसेल आणि ऊनही येत नसेल, तर एकाच खोलीत झोपणाऱ्या घरातल्या सगळ्यांच्या श्वासात तो पुन्हापुन्हा जातो, आणि ज्याचे शरीर कुपोषणाने, मधुमेहाने किंवा दारूने आधीच खचले आहे त्याच्यात तो मूळ धरतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मुंबईतल्या अशा गर्दीच्या घरांत हवा किती वेळ साचून राहते याचाही संगणकावर अभ्यास केला आहे. पण वाऱ्याचे महत्त्व सांगायला संगणकाची गरज नव्हती. पेरू देशातल्या लिमा शहरातील रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेले जुने कक्ष, खिडक्या-दारे उघडी ठेवली असता, नव्या यांत्रिक वायुवीजनाच्या कक्षांपेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित ठरले. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी आणि डॉक्टरांनीही क्षयाच्या रोग्याला हवापालटाचा सल्ला दिला तो याच अनुभवातून.

खुद्द मुंबई शहराला तर ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच माहीत होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला आणि पुढच्या काही वर्षांत हे शहर उजाड होण्याची वेळ आली. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचा इतिहास निर्मळ नाही. त्याने दाट वस्त्या पाडल्या त्या मानाने घरे फार कमी बांधली, आणि बेघर झालेले गरीब शेजारच्या वस्त्यांत जाऊन तिथली गर्दी वाढवत राहिले. पण याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर जाहीर मांडणी केली, आणि ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. खोलीच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त कोन करता कामा नये, असा तो नियम. भूमितीत त्याचा अर्थ सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ज्या चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले, ती याच ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेली चाळ.

हा नियम मानखुर्दला लावून पाहावा. चोवीस मीटर उंचीच्या दोन इमारतींमध्ये त्या हिशेबाने बारा मीटर जागा हवी होती. प्रत्यक्षात आहे तीन मीटर, म्हणजे चौथा हिस्सा. तळमजल्यावरून वर पाहिले तर कोन साडेत्रेसष्टच्या जागी त्र्याऐंशी अंशांच्या आसपास जातो, आणि त्या खिडकीच्या वाट्याला आकाशाची सात अंशांची एक फट उरते. ऊन त्या फटीतून दिवसात काही मिनिटे खाली उतरत असेल तर असेल. परकी सत्ता, जिला इथल्या कामगाराच्या जिवाची पर्वा मुख्यतः बंदर आणि गिरण्या चालू राहण्यापुरती होती, तिने उजेडाचा जो किमान हक्क कागदावर तरी मान्य केला, तो स्वतंत्र भारताच्या शहराने सरकारी पुनर्वसनात एक चतुर्थांशावर आणून ठेवला. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

पाहणीतल्या आकड्यांबाबत सावधपणे बोलणे आवश्यक आहे. एका वेळी केलेली पाहणी कारण सिद्ध करू शकत नाही. ती संबंध दाखवते. पीएमजीपीतले लोक तिथे जास्त काळ स्थिरावलेले आहेत, त्यांचे रोजगार बसलेले आहेत, आणि तब्येतीने खालावलेली कुटुंबे काही कारणाने दुसरीकडे अधिक गेली असण्याचीही शक्यता उरते. घरोघरी विचारून मिळालेल्या आजाराच्या नोंदींत चुका राहतात. हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एकाच वसाहतीत खालच्या, अधिक अंधाऱ्या मजल्यांवर रोगाचा भार अधिक दिसला, आणि तिथे मजला सोडून बाकीचे बरेचसे सारखे होते. दुसरे म्हणजे रोगाच्या प्रसाराविषयी जे शास्त्र सर्वमान्य आहे त्याच्याशी हे निष्कर्ष तंतोतंत जुळतात. आग लागू शकते एवढ्या संशयावर आपण इमारतीला जिना रुंद करायला लावतो. इथे पुरावा त्याहून बराच जड आहे.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की रोगाचे खरे कारण गरिबी आहे, इमारत नव्हे. माणसाला पोटभर मिळाले, तर अंधाऱ्या खोलीतही तो तग धरेल. या आक्षेपात तथ्य आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात २,८०० क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा मागोवा घेतला गेला. ज्या घरांतल्या सर्वांना दरमहा तांदूळ आणि डाळ यांचा जादा शिधा दिला, त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षयरोग तर जवळजवळ निम्म्यावर आला. इतका साधा उपाय इतका परिणाम करतो, हे या देशातल्या प्रत्येक आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर लिहून ठेवावे असे आहे. केंद्र सरकारने क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा दिली जाणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये केली. ती वाढ योग्यच होती, पण रुग्णाच्या घरातली बाकीची चार तोंडे त्या हिशेबात नाहीत.

मात्र या आक्षेपात गरिबी आणि घर जणू दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे गृहीत धरले जाते. पुनर्वसनाचा अनुभव वेगळे सांगतो. रुळांच्या कडेला राहणारी बाई सकाळी तीन-चार घरांची धुणीभांडी चालत जाऊन करत होती, कारण ती घरे पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती. तिला मानखुर्दला घर मिळाले तेव्हा ती घरे एक लोकल आणि एक बस इतकी दूर गेली. प्रवासाला पैसे आणि वेळ दोन्ही लागू लागले. दोन कामे सुटली, किंवा सगळीच सुटली. घरातल्या बाईची कमाई गेली की ताटातले पहिल्यांदा काय जाते, हे कुणाला सांगायला नको: डाळ पातळ होते, दूध बंद होते, अंडे फक्त मुलाला मिळते. त्यात नव्या इमारतीचा दरमहा देखभाल-खर्च, पाण्याच्या पंपाचे आणि लिफ्टचे बिल. ज्या रेल्वे-रस्त्यांच्या कामांसाठी ही माणसे हलवली गेली, त्या जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या वाहतूक प्रकल्पातील पुनर्वसनाविषयी रहिवाशांनी तक्रारी केल्या, बँकेच्याच तपासणी समितीने त्यांची चौकशी केली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी काही काळ थांबवला होता. माणसे कुठे नेऊन ठेवली यावरून त्यांचे काम ठरले, कामावरून जेवण, आणि जेवणावरून जंतूपुढे टिकण्याची ताकद. या साखळीतला कुठलाही एक दुवा वेगळा काढून ‘खरे कारण’ म्हणून दाखवता येणार नाही.

एम-पूर्व विभागाचा सगळा इतिहासच मुळी इतरांना नको असलेल्या गोष्टी इथे आणून टाकण्याचा आहे. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला येतो. १९७१ मध्ये कत्तलखाना इथे आला. सत्तरच्या दशकात शिवाजीनगर वसवले गेले, आणि १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्राजवळच्या जनता कॉलनीतली माणसे उचलून चीता कॅम्पला नेली गेली. त्यानंतर रेल्वेचे विस्थापित आले, रस्त्यांचे आले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांमध्ये या विभागाचा निर्देशांक सर्वांत खाली, ०.०५ इतका होता. शहराच्या एका कोपऱ्यात आजार साठलेला दिसतो, तेव्हा तिथल्या माणसांच्या सवयींकडे बोट दाखवण्याआधी तिथे काय काय आणून साठवले गेले त्याची यादी वाचली पाहिजे. करोनाच्या पहिल्या लाटेत, जुलै २०२० मध्ये, मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले (ते विभाग एम-पूर्व नव्हते). त्यात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्याच विभागांतल्या इतर वस्त्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. सहा फुटांचे अंतर पाळा, असे रोज सांगितले जात होते, पण सहा फुटांचे अंतर ठेवायला घरात सहा फूट असावे लागतात.

आता या तीन मीटरांचे अर्थकारण. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना झाली, आणि झोपडीधारकाला मोफत घर देण्याचा खर्च बिल्डरने त्याच जागेवर किंवा अन्यत्र जादा बांधकाम विकून काढायचा, असे धोरण ठरले. हे गणित जुळावे म्हणून पुनर्वसनाच्या इमारतींना नेहमीचे नियम शिथिल केले गेले: बाजूची मोकळी जागा कमी, दोन इमारतींमधले अंतर कमी, आणि हेक्टरी घरांची संख्या किमान ५०० असली पाहिजे अशी अट. दाटीला सहसा कमाल मर्यादा असते. इथे किमान मर्यादा घालण्यात आली. अशा अनेक वसाहतींच्या बदल्यात बांधणाऱ्याला टीडीआर, म्हणजे शहरात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क मिळाला. जिथे एकाच भूखंडावर दोन्ही प्रकारच्या इमारती होतात, तिथे विक्रीच्या मनोऱ्याभोवती बाग, वाहनतळ आणि वारा असतो, आणि पुनर्वसनाची इमारत मागच्या कोपऱ्यात दाबून बसवलेली असते. नियमांतली ही सूट झोपडीधारकाच्या नावाने दिली गेली. तिचा पैसा विक्रीच्या चौरस फुटांत उमटला आणि तिची किंमत तळमजल्यावरच्या माणसाने मोजली. घराचे क्षेत्रफळ २२५ वरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट झाले, त्याच्या जाहिराती झाल्या, निवडणुकाही त्यावर लढवल्या गेल्या. खिडकीबाहेर किती जागा असावी यावर मात्र एकही सभा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मुंबईत जमीन महाग आहे, त्यामुळे दुसरा मार्गच नाही, असे यावर सांगितले जाते. जमीन महाग आहे यात शंका नाही. पण ती किती महाग असावी, कुठल्या भूखंडावर किती चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधकामाची मुभा द्यावी आणि सार्वजनिक जमिनींपैकी कोणती कोणाला द्यावी, हे निर्णय सरकारच घेते. बाजारभाव हे काही समुद्राच्या भरती-ओहोटीसारखे आपल्या आवाक्याबाहेरचे नाहीत. आणि दाट वस्ती म्हणजे अंधारी वस्ती असेच काही नसते. गिरगाव-परळच्या जुन्या चाळी दाटच होत्या, पण मधला चौक आणि उघडा सज्जा यांमुळे प्रत्येक खोलीच्या निदान एका बाजूला वारा लागत असे. चाळींचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सामाईक संडासांच्या रांगा आणि दहा बाय बाराच्या खोलीतली आठ-आठ माणसे कुणालाही परत यावीत असे वाटणार नाही. पण बांधणीचा एवढा एक धडा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

दुसरीकडे आरोग्य खाते आपले काम आपल्या पद्धतीने करत असते. मुंबईत अलीकडच्या वर्षांत दरवर्षी साधारण ६० हजारांच्या घरात क्षयरुग्णांची नोंद होते. आरोग्यसेविका आणि आशाताई चार-चार जिने चढून गोळ्या घेतल्या का ते विचारतात, बेडक्याची डबी नेऊन देतात, औषध सोडलेल्याला समजावतात. त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण सहा महिने नेमाने गोळ्या घेऊन बरा झालेला माणूस त्याच खोलीत झोपतो, आणि शेजारच्या खोलीत नवा रुग्ण सापडतो. भारतातून क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट २०२५ साठी जाहीर झाले होते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा अजूनही आपल्या देशात आहे. इंग्लंडमध्ये क्षयरोगाने होणारे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून, अन्न, घरे आणि कामाच्या जागा सुधारत गेल्या तसे उतरत होते. औषध आल्यावर ती घट वेगाने झाली, हेही तितकेच खरे. औषधाला पर्याय नाही. मात्र औषध एका खात्याने द्यायचे आणि रोगाची जागा दुसऱ्या खात्याने बांधायची, हा कारभार किती काळ चालवायचा?

न्यायालयांनी काही वेळा या दोन खात्यांमधली भिंत ओलांडली आहे. माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी उभ्या केलेल्या इमारतींत तानसा जलवाहिनीच्या कडेच्या विस्थापितांना नेण्यात आले, तेव्हा तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नमूद केलेले होते. तरीही माणसे तिथे गेली, आजारी पडली, रस्त्यावर उतरली. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही, असे सांगून त्यांना भाड्यापोटी दरमहा १५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे, ते निरोगी जगता येईल असे असले पाहिजे, हे तत्त्व त्या निकालामागे आहे. पण प्रत्येक वसाहतीतल्या माणसांनी आधी आजारी पडायचे, मग वकील शोधायचा आणि मग वर्षानुवर्षे तारखा मोजायच्या, हा काही धोरण राबवण्याचा रस्ता नाही.

म्हणून धारावीच्या पुनर्विकासाकडे आताच लक्ष द्यायला हवे. त्या योजनेत धारावीच्या आत घर मिळण्यास अपात्र ठरणाऱ्यांसाठी मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडच्या मिठागरांच्या जमिनी आणि देवनार डम्पिंग ग्राउंडची सुमारे सव्वाशे एकर जागा २०२४ मध्ये राज्य सरकारने मंजूर केली. म्हणजे शंभर वर्षांच्या कचऱ्याच्या जागेवर, त्याच एम-पूर्व विभागात, पुन्हा एकदा शहराच्या मध्यातून उचललेली गरीब माणसे. कचरा हटवून जमीन स्वच्छ केली जाईल, असे सांगितले जाते. ती होईलही. पण ज्या माणसाचे चामड्याचे, कुंभारकामाचे किंवा शिवणाचे काम धारावीच्या गल्लीत होते, त्याच्या कामाचे काय, आणि त्याच्या नव्या घराच्या खिडकीपासून समोरची भिंत किती लांब असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आराखडे मंजूर होण्याआधी लेखी मिळाली पाहिजेत.

मुंबईत इमारत बांधायची तर अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो. विमानतळाच्या परिसरात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा लागतो. विमान इमारतीवर आदळण्याची भीती आपण इतकी गंभीरपणे घेतो आणि ते योग्यच आहे. पण तळमजल्यावरच्या खोलीत डिसेंबरच्या दुपारी किती वेळ ऊन येईल, खिडक्या-दारे उघडी असताना तासाभरात त्या खोलीतली हवा किती वेळा बदलेल, हे प्रश्न विचारणारा एकही दाखला नाही. तो असला पाहिजे, आणि तो देण्याचा अधिकार महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे असला पाहिजे, इमारत प्रस्ताव खात्याकडे नव्हे. संगणकावर ही गणिते करणे आज वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही जमते. पुनर्वसनाच्या इमारतीला नियमांत कितीही सवलती द्याव्यात, पण सर्वांत खालच्या राहत्या घराच्या ऊन-वाऱ्यात सवलत नाही, अशी एक ओळ नियमावलीत घालायची आहे. तिने बिल्डरचे गणित बिघडत असेल, तर सरकारने त्या फरकाची भरपाई जमिनीतून किंवा तिजोरीतून करावी. ती रहिवाशाच्या फुप्फुसातून करू नये. पुनर्वसन दूर करायचे असेल तर विस्थापितांच्या रोजगाराचे अंतर मोजणे आणि निदान पहिली दोन-तीन वर्षे घरातल्या प्रत्येक माणसामागे जादा शिधा देणे, हेही त्याच प्रकल्पाच्या खर्चात धरले पाहिजे. झारखंडच्या अनुभवानंतर याला दानधर्म म्हणता येणार नाही, तो रोगप्रतिबंधाचा खर्च आहे.

जे आधीच बांधले गेले आहे त्याचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण लल्लुभाई कंपाउंडच्या इमारती एकमेकींपासून दूर सरकवता येणार नाहीत. तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. हाऊसगल्ल्यांतला कचरा रोज उचलला जाणे आणि फुटके पाइप दुरुस्त होणे, एवढ्यानेही बंद असलेल्या शेकडो खिडक्या उघडतील. हे काम सोसायट्यांवर ढकलून चालणार नाही, कारण त्या गल्ल्या इतक्या अरुंद ठेवण्याचा निर्णय सोसायट्यांनी घेतला नव्हता. दारांवर झडपा, बोळांच्या टोकांना जाळ्या, जिन्याच्या माथ्यावर हवा खेचणारे पंखे बसवता येतील. एक्स-रेची गाडी वस्तीच्या नाक्यावर उभी करण्याऐवजी इमारत आणि मजला पाहून नेता येईल, आणि रुग्ण सापडला की त्याच्या घरासोबत त्या मजल्यावरच्या सगळ्यांची तपासणी करून ज्यांना गरज आहे त्यांना प्रतिबंधक औषध सुरू करता येईल. आणि ज्या तळमजल्यांवर दुपारीही ऊन पोहोचत नाही, ती घरे राहण्यासाठी वापरणे टप्प्याटप्प्याने बंद करून तिथल्या कुटुंबांना याच परिसरात, त्यांच्या मुलांची शाळा न बदलता, हवेशीर घरे द्यावीत. अशी घरे किती आहेत हे मोजण्याचे काम महापालिकेच्या विभाग कार्यालयाला या उन्हाळ्यातही सुरू करता येईल, आणि त्या बदलीचा खर्च पुनर्वसन प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकात धरला जावा.